शनिवारचं बंद दार

बेबीनंदा गेल्याचं तातेरावाला कळलं, त्या वेळी तो तिला शिव्या देत होता.

ती दोन दिवसांसाठी जाफराबादला बहिणीकडे गेली होती आणि बदनापूरच्या घरात तातेराव एकटा होता. दुपारचे दोन वाजले, चहाची तलफ आली. स्वयंपाकघराच्या फळीवर पत्र्याचे अकरा डबे एका ओळीत उभे. एकावरही काही लिहिलेलं नाही. बेबीनंदाला डबा नुसता हातात घेतला तरी आत काय आहे ते कळायचं. तातेरावानं सात डबे उघडले. तीळ निघाले, रवा निघाला, दाण्याचा कूट निघाला. मग काहीतरी पांढरं सापडलं ते त्यानं चमचाभर तोंडात टाकलं. खायचा सोडा होता. तो मोरीत थुंकला, चार शिव्या हासडल्या आणि तिला फोन लावला.

पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"कोण रे तू?" तातेराव म्हणाला. "फोन बाईला दे."

"काका, तुम्ही त्यांचे कोण?"

"मी नवरा हाय तिचा. साखर कुठं ठिवली इचार तिला."



"काका, मी कंडक्टर बोलून राह्यलो. जाफराबाद स्टँडवरून. तुम्ही जरा खाली बसा."

तातेराव बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं ऐकलं. बाई गाडीत चढल्या, खिडकीपाशी बसल्या, तिकिटाला हात पुढं केला आणि तशाच कलल्या. दवाखान्यात नेल्या, पण उपयोग झाला नाही. सगळं ऐकून झाल्यावर तातेराव म्हणाला, "बरं. पण साखर?" असं आपण विचारलं हे त्याला आठवत नाही. कंडक्टरनं ते नंतर त्याच्या मुलाला, सूरजला सांगितलं, आणि सूरजनं ते नको त्या चार जणांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. बदनापूरची ख्रिस्ती मंडळी म्हणजे बावीस घरं. एक लहानसं पत्र्याचं चर्च, आणि तीन वर्षांपूर्वी आलेला एक तरणा पाळक, नाव सुमित. शिकलेला, दाढी कोरलेली, लग्न व्हायचं होतं. त्याला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दुसरंच दिसायचं. तो कबरीपाशी उभा राहिला आणि बोलायला लागला.

"बेबीनंदाबाईंची चूल ही त्यांची वेदी होती."

"घरात पंधरा वर्षांपासून गॅस हाय," तातेराव सूरजला म्हणाला. चांगला मोठ्यानं म्हणाला. सूरजनं त्याचा दंड दाबला.

"झाडू मारताना त्या मनातलं पाप झाडून काढत होत्या."

हे ऐकून तातेरावाला अशा वेळीही हसू येता येता राहिलं. बेबीनंदा झाडताना काय म्हणायची हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. लिंबाच्या पाल्याला बोलायची. दारात आडव्यातिडव्या पडलेल्या नवऱ्याच्या चपलांना बोलायची. एकदा तर जिल्हा परिषदेला बोलली होती, का ते तिचं तिलाच माहीत. त्यात पापबिप कुठं नव्हतं. कचरा होता आणि तिची कंबर दुखत होती.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट," पाळकाचा आवाज खाली आला, "प्रभुभोजनाची पोळी."

इथं मात्र तातेराव गप्प झाला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. बिनमिठाची, बेखमीर म्हणजे पीठ न आंबवता केलेली एक पोळी मोडून तिचे तुकडे सगळ्यांना देतात. ती पोळी तेवीस वर्षं बेबीनंदानं केली. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी दोन वाजता ती स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायची आणि चार वाजता उघडायची. मध्ये कुणी हाक मारायची नाही. पहिल्यांदाच तिनं बजावलं होतं, "देवाचं काम हाय. दोन तास मला कोन्ही आवाज देऊ नका." तातेराव तेव्हापासून ते पाळत आला होता. आणि पाळक नवीन आला तेव्हा तातेरावानंच मोठ्या ऐटीत त्याला हे सांगितलं होतं: "आमची बाई दोन तास दार लावून बसती. आत ती अन् देव. मी सुदिक आत जात न्हाई."

आता तेच शब्द पाळक कबरीपाशी म्हणत होता. बायका डोळे पुसत होत्या. तातेराव मातीकडं बघत राहिला.

आठ दिवसांत पाळकानं कार्डं छापून आणली. प्लास्टिकमध्ये मढवलेली, वर कबुतराचं चित्र, खाली "बेबीनंदाबाईंच्या स्मरणार्थ". प्रत्येक घरी चार. एक भांडी घासायच्या जागी लावायचं, एक चुलीपाशी, एक दारात आणि एक नळाशी. रोजचं काम करता करता कार्डावरची प्रार्थना म्हणायची, म्हणजे कामात देव भेटतो. नळाच्या कार्डावर लिहिलं होतं, रोज सकाळी नळ सोडताना म्हणा, प्रभू, मला जिवंत पाणी दे.

"साहेब," तातेराव म्हणाला, "आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी येतो."

पाळक हसला. "भावार्थ घ्यायचा, तातेरावभाऊ."

"भावार्थानं हंडा भरत न्हाई. अन् ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी बाया एकमेकीच्या झिंज्या उपटतात. तिथं कार्ड कोन वाचतं?"

"तुम्ही दुःखात आहात."

"दुःखात हाय म्हणून नळ रोज येतो का?"

पाळकानं विषय बदलला. तातेराव एकोणतीस वर्षं रेल्वेत कीमन होता. रोज हातोडा खांद्यावर टाकून रुळावरून चालत जायचं, रुळाला धरून ठेवणाऱ्या चाव्या बघायच्या, सैल झालेली ठोकून बसवायची, पुढं जायचं. पाळकाला ते फार आवडायचं.

"एवढी वर्षं एकटे चालत होता. त्या शांततेत देव तुमच्याशी बोलला असेल."

"मी चाव्या बघत व्हतो, साहेब. देवाकडं बघितलं अस्तं तं गाडी पडली अस्ती."

पाळक गेल्यावर तातेरावानं चारही कार्डं उचलली. एक टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घातलं. ते बरोबर बसलं. बाकीची तीन त्यानं खिडकीत टाकली.

पण रात्रंदिवस त्याच्या डोक्यात एकच भुंगा. दारामागं ती काय करत होती? पाळक म्हणतो तसं खरंच काही असेल, तर चौतीस वर्षं आपण जिच्या हातचं खाल्लं ती बाई आपल्याला माहीतच नव्हती. आणि तसं काही नसेल, तर ही मंडळी तिच्या नावावर भलतीच कुणीतरी बाई उभी करून राह्यली. दोन्हीकडून चोरी आपल्याच घरात. त्याला दुसरं काही नको होतं. स्वर्गाबिर्गाचं नंतर बघता आलं असतं. त्या दोन तासांत ती काय करायची, तेवढं कळायला हवं होतं.

महिना बदलला. भगिनी मंडळाची गोजरबाई दारात आली. जाड चष्मा, ठणठणीत आवाज. नवरा पुंजाराम तिच्या मागं चार पावलं.

"तातेरावभाऊ, परवा प्रभुभोजन हाय. पोळी आता मी करते."

"कामून? आमच्या घरातलं पीठ सरलं का?"

"तसं न्हाई. पण बाईमाणूस न्हाई घरात."

"मी हाय."

गोजरबाईनं चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही कधी पोळी लाटली का?"

"रूळ बसवलेत. पोळी काय मोठी लागून गेली?"

"गोजरे," मागून पुंजाराम म्हणाला, "माहा चष्मा घरी राह्यला वाटतं. बघून ये बरं."

"तुमच्या खिशात हाय," गोजरबाई न वळता म्हणाली, आणि तातेरावाला म्हणाली, "करा मंग. पण मीठ घालू नका."

शनिवारी दोन वाजता तातेरावानं स्वयंपाकघराचं दार आतून लावलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी कडी घातली. पीठ घेतलं, पाणी घातलं, हाताला चिकटलं, आणखी पीठ घातलं. कसंबसं मळलं. दोन गोळे केले, कारण ती नेहमी दोन करायची, एक चर्चची आणि एक जास्तीची. लाटल्या तेव्हा एकीचा आकार महाराष्ट्रासारखा झाला आणि दुसरीचा कशासारखाच झाला नाही. तवा ठेवला. घड्याळात दोन वाजून अकरा मिनिटं झाली होती.

तातेराव तवा आणि घड्याळ आळीपाळीनं बघत राहिला. बेबीनंदाला दोन तास लागायचे. मळायला, लाटायला अकरा मिनिटं गेली. म्हणजे बाकीचा वेळ भाजण्यात जात असणार. देवाची पोळी, तिला मंद आचच लागत असेल. त्यानं गॅस अगदी बारीक केला, दोन्ही पोळ्या एकीवर एक ठेवल्या आणि पाटावर बसला.

हीच ती वेळ, त्याला वाटलं. त्यानं हात जोडले, डोळे मिटले. "हे आमच्या पित्या" इथपर्यंत गेला आणि पुढं काही येईना. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना, पण गाडी सिग्नलला उभी राहावी तशी उभी. त्यानं डोळे उघडले. अकरा डबे समोर. पुन्हा मिटले. पाय मुंग्यांनी भरले. खऱ्या मुंग्याही आल्या, पिठाच्या वासानं, भिंतीच्या फटीतून एका रांगेत. देव काही आला नाही. तातेराव मधून मधून पोळ्या उलटत राहिला. चारला त्यानं गॅस बंद केला, कडी काढली, आणि पोळ्या फडक्यात गुंडाळल्या. फडक्यातून त्या पाटीसारख्या लागत होत्या.

रविवारी पाळकानं नेहमीचे शब्द म्हटले आणि पोळी मोडायला घेतली. मोडेना. त्यानं बोटं बदलली. चेहरा वर, स्वर्गाकडं, तसाच ठेवला आणि जोर लावला. मान लाल झाली. शेवटी त्यानं ती हळूच टेबलाच्या कडेला टेकवली आणि वरून तळहातानं दाबली. कट्ट! असा आवाज झाला की बाहेरचा कुत्रा भुंकला.

तुकडे वाटले गेले. मग बावीस घरांची माणसं डोळे मिटून चावायला लागली. चावतच राहिली. पेटीवाल्यानं गाण्याचा सूर धरला, पण गायला कुणाचं तोंड रिकामं नव्हतं. त्यानं पुन्हा सूर धरला. पुंजारामानं कवळी काढून रुमालात घेतली आणि तुकड्यासकट खिशात ठेवली. एवढं पवित्र तोंड करून माणसं खापर चावताना तातेरावानं आयुष्यात पाहिली नव्हती. कुणी बोललं नाही. चर्चमध्ये कुणी बोलत नाही, सगळे भावार्थ घेतात.

उपासना संपल्यावर पाळक दारात त्याचा हात धरून म्हणाला, "आज फार गंभीर वातावरण होतं. मी अशी शांतता पहिल्यांदा अनुभवली."

"शांतता कसली," मागून गोजरबाई म्हणाली, "दाढा अडकल्त्या."

तातेराव घरी आला आणि मागच्या अंगणात बसला. मागच्या अंगणाची भिंत कमरेएवढी, पलीकडं पुष्पाबाईचं घर. पुष्पाबाई पिंपळगाव रेणुकाईची, शेतकऱ्याच्या घरची. चर्चशी तिचा संबंध नाही, पण बेबीनंदाशी वीस वर्षांचं येणंजाणं. भिंतीवर हात टेकून ती म्हणाली, "भाऊ, कशी काय झाली पोळी?"

तातेरावानं जास्तीची पोळी आणून तिच्या हातात दिली. पुष्पाबाईनं ती भिंतीवर आपटून बघितली.

"ही पोळी हाय का कौल हाय?"

"पोळी."

"कितीक वेळ ठिवली तव्यावर?"

"दोन तासाला थोडे कमी. ती ठिवायची तेवढीच."

पुष्पाबाई आधी त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला. मग भिंतीला धरून खाली बसली. भिंतीमागून नुसताच हसण्याचा आवाज येत होता, आणि थोड्या वेळानं तो हसण्याचा राहिला नाही. उठली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"दोन तास," ती म्हणाली. "आवो भाऊ, पोळीला दोन तास कुठं लागतात? धा मिन्टांचं काम."

"मंग ती आत काय करायची?"

पुष्पाबाईनं नाक पुसलं. सांगावं की नाही, तिचं ठरत नव्हतं.

"प्रार्थना करायची?" तातेरावानं विचारलं. त्याचं त्यालाच कळलं की आपण हो म्हणावं म्हणून विचारतोय.

"झोपायची."

तातेरावानं तिच्या हातातली पोळी परत घेतली.

"पोळी झाली का खाली फरशीवर आडवी व्हायची. डोक्याखाली पिठाची पिशवी. डाराडूर. चार वाजाय आले का मी मागच्या दारानं येऊन उठवायची. कधी झोप न्हाई आली तं दोघी बसायचो. पायाच्या भेगांत मेण भरायची ती. च्या प्यायचो. लई हसायचो, भाऊ. तोंडात पदर कोंबून हसायचो, तुम्हाला आवाज जाऊ नये म्हणून."

"कशावर हसायच्या?"

"तुमच्यावर. दुसरं काय हाय हसायला?"

"मंग मला सांगायचं ना, झोपून राह्यले म्हणून. मी काय वाघ हाय का?"

"सांगितलं अस्तं तं झोपू दिलं अस्तं?" पुष्पाबाईचा आवाज बदलला. "सकाळपासून तुमचं काय चालू राह्यचं, ते माह्या घरात ऐकू यायचं. सूरजची माय पाणी आण. सूरजची माय टॉवेल कुठंय. सूरजची माय पंखा लाव. पंख्याचं बटन तुमच्या डोक्यावर, भाऊ! ती माय मसाला वाटता वाटता उठून यायची. रिटायर झाले तव्हापासून तं बिलकुल दम न्हाई. तुम्ही देवाच्या कामाला तेवढे भ्यायचे, दुसऱ्या कशाला न्हाई. ती म्हणायची, पुष्पा, महिन्यातले दोन तास माह्यासाठी देवानं राखून ठिवले. आडवं व्हायच्या आधी हात जोडायची अन् म्हणायची, उपकार हायेत तुहे, बाबा. अन् झोपायची."

पुष्पाबाई घरात गेली. तातेराव अंगणात बसून राहिला.

त्याला ते शनिवार आठवले. दोन वाजले की तो स्वतः चपला काढून अनवाणी फिरायचा. रेडिओ बंद करायचा. भंगारवाला ओरडत आला तर पळत जाऊन त्याला गल्लीच्या टोकाला थोपवायचा. एकदा सूरजला खोकला झाला होता तर त्याला बाहेर हाकलला होता. दाराच्या बाहेर पायरीवर बसून तो बायबल उघडायचा, वाचायचा नाही, नुसतं मांडीवर ठेवायचा. आत देव आहे असं वाटायचं. छातीत काहीतरी भरून यायचं. ते तेवढंच. बाकी आयुष्यात चर्चमध्ये त्याला झोपच यायची. तेवीस वर्षं तो एका दमलेल्या बाईच्या झोपेवर पहारा देत होता, आणि त्याचाच अभिमान बाळगून होता. आणि मूर्ख कोण, तर कार्डं छापणारा पाळक! तातेरावाला स्वतःच्याच तोंडात मारावीशी वाटली.

पण राग असा एका जागी राहत नाही. चार दिवसांत तो पुन्हा पाळकाकडं वळला. चाळिसाव्या दिवसाची स्मरणप्रार्थना ठरली होती. पाळकानं फळ्यावर विषयही लिहून टाकला होता, "बंद दारामागची प्रार्थना", आणि तातेरावानं साक्ष द्यायची, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून देवानं काय केलं ते सांगायचं. तातेरावानं लगेच हो म्हटलं. पाळकाला आश्चर्य वाटलं. तातेरावाच्या मनात काय ते ठरलं होतं. उठायचं आणि सांगायचं, बाई झोपत होती, साहेब. तुमची वेदी, तुमचं कबुतर, सगळं झोपत होतं. तुमचा फळा पुसा. पाळकाचं तोंड तेव्हा कसं होईल याचा विचार करून त्याला चाळीस दिवसांत पहिल्यांदा नीट जेवण गेलं.

चर्च भरलं होतं. सूरज पुण्याहून आला होता. टेबलावर बेबीनंदाचा फोटो, त्यात तिनं कुणीतरी ओढून उभं केल्यासारखी मान धरली होती. पाळकानं बोलावलं आणि तातेराव पुढं गेला.

"बेबीनंदा दार लावायची," त्यानं सुरुवात केली. "तुम्हा सगळ्यांना म्याच सांगितलं व्हतं. आत काय चालायचं ते मला ठाऊक नव्हतं. आता कळलं."

पाळक खुर्चीत पुढं सरकला. चर्च गप्प झालं. त्या शांततेत पुंजारामाचा आवाज आला. तो हळू बोलत होता असं फक्त त्यालाच वाटत होतं.

"गोजरे, पाणी आण बरं."

पाण्याचा माठ पुंजारामाच्या बाकापासून दोन हातांवर होता. बायका दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. गोजरबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत माठापाशी गेली, पेला भरला, नवऱ्याला दिला, पिऊन होईपर्यंत उभी राहिली, पेला घेतला, उपडा ठेवला आणि तशीच पायांमधून परत गेली. कुणी तिच्याकडं बघितलं नाही. बघण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

तातेरावानं बघितलं. मग तो बायकांच्या बाजूकडं बघत राहिला. सगळ्यांचे हात मांडीवर पडलेले. दोघी बसल्या बसल्या पेंगत होत्या. सांगितलं तर काय होईल ते त्याला दिसलं. पाळकाचं तोंड दोन मिनिटं पडेल. पुरुष घरी जाऊन हसतील. आणि त्यानंतर या बावीस घरांत कुठल्याही बाईनं दार लावलं तर बाहेरून कुणीतरी म्हणेल, झोपली का गं?

"कळलं ते असं," तो म्हणाला. "त्या पोळीला दोन तास लागतात. कमी न्हाई. मागल्या खेपेला म्या घाई केली, म्हणून तसली झाली. दार आतून लावावं लागतं. त्या वेळात घरातल्यानं आवाज द्यायचा न्हाई. पाणी, टॉवेल, चष्मा, काही मागायचं न्हाई. मागितलं तं पोळी बिघडती. अन् हे काम एकाच घरी नगं. दर महिन्याला येगळं घर. बावीस घरं हायेत, सगळ्यांच्या वाट्याला येऊ द्या. पुरुषानं बाहेर बसायचं. एवढीच माही साक्ष हाय."

तो जागेवर येऊन बसला.

पाळक आधीच उठला होता. त्याचे डोळे भरून आले होते. "दोन तासांचं मौन!" तो म्हणाला. "आणि घरच्या पुरुषांचा त्यात सहभाग! बंधूंनो, किती खोल गोष्ट तातेरावभाऊंनी सांगितली!" तो बरंच बोलला. नवीन कार्ड काढायचंही त्यानं तिथल्या तिथं ठरवलं, दाराबाहेर बसणाऱ्या पुरुषासाठी. पुरुषांनी माना डोलावल्या. एकाही पुरुषाला आयुष्यात पोळी किती वेळात होते हे माहीत नव्हतं.

बायकांच्या बाजूला कुणी मान डोलावली नाही. तिथं सगळ्यांना ते माहीत होतं. पेंगणाऱ्या दोघीसुद्धा जाग्या झाल्या होत्या. एक तरणी सून खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाली.

चहाच्या वेळी गोजरबाई पेला घेऊन त्याच्यापाशी आली. चष्म्यावरून त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"दोन तास, भाऊ?"

"दोन तास."

"देवाच्या घरात उभं राहून खोटं बोलून राह्यले."

"हो."

"लाज न्हाई वाटली?"

"वाटली."

गोजरबाईनं चहाचा घोट घेतला. "मंग अडीच सांगायचं व्हतं," ती म्हणाली, आणि पेला ठेवून निघून गेली. पोळीच्या पाळीत पहिलं नाव तिनं स्वतःचंच लावलं.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी तातेराव अडीचच्या सुमाराला तिच्या घरावरून गेला. मुद्दाम गेला. पुंजाराम पायरीवर बसला होता, अनवाणी, मांडीवर बायबल, ते उलटं धरलेलं. आतलं दार बंद. तातेरावाला बघून त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू," तो कुजबुजला. "आत चालू हाय."

"काय चालू हाय?"

"आता ते आपल्याला कसं कळणार? आत ती अन् देव." पुंजारामानं बाजूला सरकून जागा दिली. "बस. पण बोलू नको. मघा मला तहान लागल्ती तं म्या स्वतः उठून पाणी प्यायलो. माठ कुठं ठिवती ते सापडायलाच दहा मिन्टं लागली."

तातेराव चपला काढून त्याच्या शेजारी बसला. दोन म्हातारे एका बंद दाराकडं पाठ करून बसले. आतून कसलाही आवाज येत नव्हता. कुणीतरी गाढ झोपल्यावर घरात जो आवाज नसतो, तो. मग तातेरावाच्या छातीत, कुणी न बोलावता, ते पूर्वीचं भरून आलं. त्याला त्याचा रागच आला. आता तर आत काय चाललंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी ते आलं. पाळकाला हे कळू द्यायचं नाही, एवढं त्यानं मनाशी ठरवलं. कळलं तर तो याचंही कार्ड छापेल.

चार वाजता दार उघडलं. गोजरबाईच्या गालावर पिशवीच्या शिवणीचा वळ उमटला होता. हातात फडक्यात गुंडाळलेली पोळी होती. पुंजाराम उठून उभा राहिला. बायको समोर आली म्हणून तो उठून उभा राहिल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

त्याला आता सहा महिने झाले. पोळी सहा घरांत झाली, आणि प्रत्येक घरी बरोबर दोन तास लागले. तातेराव चहा स्वतः करतो आणि पंख्याचं बटण स्वतः लावतो, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. चर्चमध्ये खोटं बोलल्याची कबुली त्यानं अजून दिलेली नाही. आणि बेबीनंदाची माफी मागायची राहिली आहे. दर शनिवारी तो दोन वाजता स्वयंपाकघरात जाऊन बसतो, दार लावतो आणि चारला उठतो. माफी अजून मागून झालेली नाही.